मुलाला न विचारता त्याच्या मतदार नोंदणीच्या कागदावर 'नाही' अशी खूण केली. आता काय करू?

कृष्णाकाठ (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहायला आज पहिल्यांदा बसले आहे. विषय माझ्या धाकट्याचा आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

माझा मुलगा ऑगस्टमध्ये १८ वर्षांचा होईल. जन्म इथलाच. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. व्हीलचेअरवर असतो. तोंडाने बोलता येत नाही, टॅब्लेटवर एकेक शब्द दाबतो आणि टॅब्लेट ते मोठ्याने वाचतो. उजव्या हाताचं पहिलं बोट त्याचं ऐकतं, बाकीचा हात स्वतःच्या मनाने चालतो. समजतं मात्र सगळं. घरात बातम्या लागल्या की आवाज वाढवायला लावणारा तोच. गेल्या वर्षी आमच्या टाउनशिपमध्ये लायब्ररीच्या वेळा कमी करायचं घाटत होतं, तेव्हा वीस मिनिटं खपून त्याने एक वाक्य जुळवलं होतं: 'लायब्ररी माझी जागा. बंद नको.' (टॅब्लेटवरचे शब्द इंग्रजीत आहेत, मराठी माझं.) ते वाक्य जसंच्या तसं मी कौन्सिलला पाठवलं होतं.

तर झालं असं. शाळा संपल्यावर मोठ्यांसाठीच्या ज्या सेवा असतात, त्यांचा अर्ज भरायला आम्ही दोघं एका ऑफिसात गेलो. अपंगांसाठीचंच ऑफिस, राज्याच्या पैशावर चालणारं. काउंटरवरच्या बाई वागायला चांगल्या होत्या, हे आधी सांगते. कागदांचा गठ्ठा होता. त्या पानं उलटत होत्या, बोट ठेवत होत्या, मी सही करत होते. मध्ये एका पानावर दोन चौकोन होते. बाईंनी स्वतःच्या पेनने त्यातल्या एकावर फुली मारली, म्हणाल्या, "हे त्याला लागू नाही, तुम्ही इथे सही करा." मी केली. तो माझ्या शेजारी, माझ्या कोपराला त्याचा कोपर लागेल इतक्या जवळ बसला होता.

रात्री प्रती फाईलला लावताना ते पान वाचलं. लिहिलं होतं, तुम्ही आत्ता जिथे राहता तिथे मतदार म्हणून नोंदलेले नसाल, तर आज इथे नोंदणीसाठी अर्ज करायला आवडेल का? 'हो' आणि 'नाही'. फुली 'नाही'वर होती. खाली माझी सही.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. थोरलीची नोंदणी लायसन्स काढताना मोटार वाहन खात्याच्या खिडकीवर होऊन गेली. फोटो काढला, सही केली, घरी आलो. मतदान म्हणजे काय ते तुला कळतं का, असं तिला कोणी विचारलं नाही. आणि तिच्या भावाच्या वेळी उत्तर दुसऱ्याच कोणीतरी दिलं, त्यात माझी सहीसुद्धा आहे.

दुसऱ्या दिवशी ते पान त्याला वाचून दाखवलं. त्याने तीन शब्द दाबले. 'मला विचारलं नाही.'

आता माझे प्रश्न. एक म्हणजे, त्या ऑफिसात हा कागद होताच कशाला, त्यांचा मतदानाशी संबंध काय? परत जाऊन 'हो' करता येतं का, की एकदा नाही म्हटलं म्हणजे संपलं? त्याला सही येत नाही, मग मी त्याच्या वतीने केली तर चालेल का? आम्ही गार्डियनशिपचा (म्हणजे कोर्टाकडून त्याचे कायदेशीर पालक नेमले जाण्याचा) अर्ज करणार आहोत, त्याने त्याचा मताचा हक्क जातो असं एका ओळखीच्यांनी सांगितलं, ते खरं का? माझे मिस्टर म्हणतात, आधी सेवा सुरू होऊ देत, उगाच ऑफिसशी वाकडं नको, एसएसआयचे (अपंगांना केंद्र सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या मदतीचे) पैसे अडकले तर काय करणार. त्यांची काळजी मला कळते. पण झोप येत नाही.

---

मेधा_पिट्सबर्ग

कृष्णाकाठताई, पहिल्यांदा एक सांगते. मिस्टरांना म्हणावं, एसएसआय किंवा सेवांवर काडीचाही परिणाम होत नाही. तुमच्याकडे जी प्रत आहे ना, तीच पुन्हा वाचा. नोंदणी केली किंवा नाकारली, तरी या ऑफिसकडून मिळणाऱ्या मदतीत फरक पडणार नाही, अशा अर्थाचं वाक्य त्यावर छापलेलं असणार. ते कायद्यानेच छापायला लावलं आहे.

मी पेन्सिल्व्हेनियात याच कामात आहे, अकरा वर्षं झाली. नवीन माणसाचे कागद भरून घेणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९३ चा राष्ट्रीय मतदार नोंदणी कायदा आहे, क्लिंटनच्या सहीचा. १९९५ पासून लागू झाला. लोक त्याला 'मोटर व्होटर' म्हणतात, कारण लायसन्सच्या खिडकीवर नोंदणी व्हावी असं त्यात आहे. तुमच्या थोरलीची झाली ती त्याच वाटेने. पण जे गाडीच चालवत नाहीत ते त्या खिडकीपर्यंत पोचणार कसे? म्हणून त्याच कायद्यात सातवं कलम आहे. फूड स्टॅम्प (गरजूंना अन्नासाठी मदत), मेडिकेड (गरजूंचा सरकारी आरोग्य विमा) यांसारखी मदत देणारी ऑफिसं आणि ज्यांचं मुख्य काम अपंगांना सेवा देणं आहे अशी राज्याच्या पैशावर चालणारी सगळी ऑफिसं, या सगळ्यांनी मतदार नोंदणी करून द्यायचीच. मर्जीचा प्रश्न नाही. नवीन अर्ज असो, नूतनीकरण असो, पत्ता बदलणं असो, दर वेळी विचारायचं. (सोशल सिक्युरिटीचं ऑफिस केंद्राचं, ते यात आपोआप येत नाही. आणि सहाएक राज्यांना हा कायदा लागू नाही, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन त्यातली. न्यू जर्सीला लागू आहे.)

विचारायचं म्हणजे त्या माणसाला विचारायचं. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे पहिल्या दिवशी सांगतात. आपला स्वतःचा फॉर्म भरायला जेवढी मदत करतो तेवढीच मदत या फॉर्मला करायची. तो कोणत्या पक्षाचा हे सुचवायचं नाही, अंगावर पक्षाचा बिल्ला नको, नोंदणीपासून परावृत्त होईल असा शब्द नको. 'हे त्याला लागू नाही' हा तसलाच शब्द झाला. कोण मत द्यायला लायक आणि कोण नाही हे ठरवणं काउंटरचं काम नाहीच.

कोणी दोन्ही चौकोन रिकामे सोडले तर त्या दिवशी नोंदणी नको असं धरतात, पण कोरा नोंदणी फॉर्म तरीही हातात द्यावा लागतो. न्यू मेक्सिकोतल्या एका खटल्यात २०१२ मध्ये अपील कोर्टाने हे स्पष्ट केलं. मग दुसऱ्याने मारलेल्या फुलीची काय कथा.

मी घरी जाऊनही कागद भरून घेते. सेवा घरी देत असाल तर नोंदणीही घरीच करून द्यायची, असंही त्याच कलमात आहे. माझ्या पिशवीत हे फॉर्म कायम असतात. एकदा एक आजोबा होते, दोन्ही हात थरथरणारे. मी म्हटलं, मी लिहू का? त्यांनी मान हलवली, नाही. मग फॉर्म उचलून आतल्या खोलीत घेऊन गेले. मी बाहेर पाऊण तास बसून होते. एकट्याने, कोणाला न दाखवता फॉर्म भरायचा हक्कही त्या कागदावर लिहिलेला असतो. अक्षर लागत नव्हतं म्हणून नाव आणि पत्ता मी त्यांना विचारून विचारून नीट लिहून घेतला, बाकी सगळं त्यांचं.

आता तुमचं. 'नाही' म्हटल्याने काहीही संपत नाही, ते फक्त त्या दिवसापुरतं. न्यू जर्सीत १७ व्या वर्षी नोंदणी होते, नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत मत १८ पूर्ण झाल्यावर. म्हणजे वाढदिवसापर्यंत थांबायचीही गरज नाही. त्या ऑफिसात परत जाऊन फॉर्म मागा, त्यांना द्यावाच लागेल, आणि भरलेला फॉर्म त्यांनी १० दिवसांत निवडणूक अधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. मुदत जवळ आली असेल तर ५ दिवसांत. तुमच्याकडे निवडणुकीआधी २१ दिवस ही शेवटची तारीख. ऑफिसला न जाता थेट काउंटीच्या (जिल्ह्याच्या) निवडणूक ऑफिसला पोस्टानेही पाठवता येईल. पण ताई, जमलं तर त्याच काउंटरवर जा असं मी म्हणेन. तुमच्या मागून जो येईल त्याच्यासाठी.

सही तुम्ही करू नका. आई म्हणूनही नाही, पुढे गार्डियन झालात तरी नाही. 'मी नागरिक आहे, मी इथे राहतो' हे तो स्वतः सांगतोय, त्यामुळे खूण त्याचीच हवी. कशीही चालेल. फुली, रेघ, ठिपका. फॉर्म भरायला ज्याने मदत केली त्याचं नाव-पत्ता लिहायला जागा आहे, तिथे तुमचं येईल. लायसन्स नसेल तर सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे.

---

ओंकारचे बाबा

गार्डियनशिपबद्दल मी लिहितो, आम्ही न्यू जर्सीतच त्यातून गेलो आहोत. ओंकारला डाउन सिंड्रोम आहे.

तुमच्या ओळखीच्यांनी सांगितलं ते पूर्वीचं. या राज्याच्या घटनेत 'इडियट' आणि 'इन्सेन' माणसाला मत नाही असे शब्द अगदी २००७ पर्यंत होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकांनी मतदान करून ते काढले. आता वाक्य असं आहे की, मतदान ही कृती समजण्याची क्षमता या व्यक्तीत नाही असं कोर्टाने ठरवलं असेल तरच हक्क जातो. म्हणजे गार्डियन नेमला म्हणून मत आपोआप जात नाही, मतदानाचा निर्णय कोर्टाने वेगळा द्यावा लागतो. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे आहेत, त्यामुळे बाकीच्यांनी आपापलं बघा.

पण सावध राहा. आमच्या वकिलांनी जो मसुदा आणला त्यात 'सर्व बाबतीत अक्षम' असा ठोकळा मजकूर होता, त्यात मताचा उल्लेखच नव्हता. आम्हीही तो तसाच जाऊ दिला असता. मुलाच्या बाजूने कोर्ट एक वेगळा वकील नेमतं, त्या बाई घरी आल्या. ओंकारशी तासभर बोलल्या, आम्हाला स्वयंपाकघरात बसवून. त्यांनी त्याला विचारलं, मत द्यायचंय का? तो म्हणाला, हो, बाबा देतात, मी पण. त्यांनी ते अहवालात लिहिलं आणि निकालात 'मतदानाचा हक्क त्याच्याकडेच राहील' अशी ओळ आली. तुम्ही अर्जातच ती ओळ मागून घ्या. आणि गार्डियनशिप सगळ्या बाबतीत न घेता मर्यादितही घेता येते, तेही वकिलांना विचारा. काही अडलं तर डिसॅबिलिटी राइट्स न्यू जर्सी ही संस्था मतदानाच्या बाबतीत मदत करते.

मतदानाच्या दिवशीचं एक. १९८२ पासून मतदान हक्क कायद्यात २०८ कलम आहे. अपंग मतदार आपल्या पसंतीचा माणूस मदतीला आत नेऊ शकतो. फक्त नोकरी देणारा मालक किंवा युनियनचा माणूस नको. तुम्ही जाऊ शकता. ओंकार पहिल्या वर्षी मला घेऊन गेला. दुसऱ्या वर्षी मशीनपाशी पोचल्यावर त्याने हाताने मला मागे केलं. आत काय दाबलं ते आजतागायत सांगितलेलं नाही, आणि त्याच्या आईने खीर करून विचारलं तरी सांगत नाही.

पोस्टाने मत देणार असाल तर लक्षात ठेवा, पाकिटावरची सही नोंदणीच्या सहीशी ताडून बघतात. तुमच्या मुलाची खूण रोज सारखी येणार नाही. २०२० पासून इथे नियम आहे की जुळली नाही तर पत्र पाठवून दुरुस्तीची संधी द्यायची. ते पत्र जाहिरातींच्या टपालात टाकून देऊ नका.

---

अजिंक्य_डॅलस

विषय थोडा वेगळा, पण इथे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना लागू पडेल म्हणून लिहितो.

माझ्या बहिणीला दिसत नाही. ग्रीन कार्डवर आहे, नागरिक नाही. नोकरीचं प्रशिक्षण मिळावं म्हणून ती इथल्या एका सरकारी ऑफिसात गेली तेव्हा तिलाही हाच प्रश्न विचारला. ऑफिस सगळ्यांनाच विचारतं, विचारायलाच हवं. तिला वाटलं ओळखपत्राचं काहीतरी आहे, म्हणून हो म्हणाली. फॉर्म भरून सहीपर्यंत आला होता. मी शेजारी होतो म्हणून वाचून दाखवला. पहिलाच प्रश्न, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? आम्ही तिथेच थांबलो आणि 'नाही'वर खूण केली.

ती सही झाली असती तर नागरिक असल्याचा खोटा दावा झाला असता. चूक होती, समजलं नव्हतं, हे सांगत पुढे किती वर्षं फिरावं लागलं असतं कोणास ठाऊक. नागरिकत्वाचा अर्ज अडकतो, देशाबाहेर घालवण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. तेव्हा घरात कोणी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असेल, विशेषतः ज्याला स्वतः वाचता येत नाही असं कोणी, तर आधी तो कागद काय आहे ते नीट सांगा. 'नाही' म्हटल्याने सेवेला धक्का लागत नाही हे मेधाताईंनी वर लिहिलंच आहे.

ताई, तुमचा मुलगा जन्माने नागरिक आहे, त्याला यातलं काही नाही. त्याला शुभेच्छा.

---

शब्दस्पर्श (पुणे)

मी पूर्ण अंध आहे, फोनवर ऐकत ऐकत हा सगळा धागा वाचला. अपंगांच्या ऑफिसातच मतदार नोंदणी विचारायची सक्ती, हे मला नवीन आहे. आपल्याकडे युडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी) मी तीन वेळा खेटे घातले, तिथे मताचं नाव कोणी काढलं नाही. मी फॉर्म ६ (मतदार नोंदणीचा अर्ज) भरला तो शेजारच्या काकूंनी बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, आमच्या दारात आणून उभं केलं म्हणून. त्या फॉर्मवर अपंगत्वाचा रकाना असतो, तो भरा असं सगळ्यांना सांगते. त्यामुळे यादीत तशी नोंद होते आणि केंद्रावर सोय मागता येते. रकाना राहून गेला असेल तर दुरुस्तीचा फॉर्म ८ भरायचा.

सोबती आपल्याकडेही नेता येतो. पण २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या वेळी, मी एकटीने आत जायचं ठरवलं. आधी ब्रेलमधला नमुना कागद हातात देतात, त्यावर उमेदवारांचे अनुक्रम वाचले. मग मशीनच्या उजव्या कडेने बोट खाली आणत गेले. प्रत्येक बटणाशेजारी ब्रेलचा आकडा आहे. माझा आकडा आला तिथे थांबले, परत वरून मोजत आले, मग दाबलं. बीप वाजेपर्यंत श्वास धरला होता. केंद्रावरचे एक अधिकारी मागून म्हणाले, "ताई, हात धरू का?" म्हटलं, बाहेर पडताना धरा.

कृष्णाकाठताई, तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा. आणि पुढे काय झालं ते लिहा, मी वाट बघतेय.

---

कृष्णाकाठ (न्यू जर्सी)

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण सांगण्यासारखं काही घडल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

आम्ही परत गेलो. त्याच काउंटरवर. मेधाताईंचं लिखाण मी मिस्टरांना वाचून दाखवलं होतं, तेही रजा टाकून आले. मी भांडायचं नाही असं ठरवून गेले होते. फक्त म्हटलं, मागच्या वेळी हा प्रश्न माझ्या मुलाला विचारायचा राहिला, आज विचाराल का? बाई क्षणभर थांबल्या. मग खुर्ची सोडून काउंटरच्या या बाजूला आल्या, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला वाकल्या आणि कागदावरचा प्रश्न सावकाश, पूर्ण वाचला. त्याचं बोट टॅब्लेटवर यायला वेळ लागतो. मधे कोणी बोललं नाही. टॅब्लेट म्हणाला, 'हो.' आणि मग आणखी एकदा, 'हो.'

फॉर्म मी भरला, त्याला प्रत्येक ओळ दाखवत. पत्त्यात अपार्टमेंटचा नंबर मी विसरले होते, तो त्याने लक्षात आणून दिला. पक्षाचा रकाना आला तेव्हा बाई स्वतःहून लांब गेल्या. तिथे त्याने काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे.

सहीसाठी घरून जाड पेन नेलं होतं, त्याला भाजीच्या जुडीचे दोन रबर गुंडाळले होते म्हणजे निसटत नाही. मिस्टरांनी कागद दोन्ही हातांनी दाबून धरला. पहिली रेघ चौकोनातून सुरू झाली आणि खालच्या ओळीवरून पार कडेपर्यंत गेली. मी नवीन फॉर्म मागणार होते. बाई म्हणाल्या, नको, ही त्याची खूण आहे, चालेल. दुसरी रेघ तिला छेदून गेली. खाली मदतनीस म्हणून माझं नाव आणि पत्ता लिहिला.

जुन्या फुलीचं पान त्यांनी काढून टाकलं नाही, ते फाईलमध्येच ठेवून वर नवीन लावलं. मला तेही बरं वाटलं. जाताना त्यांनी विचारलं, घरी येऊन कागद भरून घेणाऱ्या आमच्या लोकांनाही मी हे सांगू का? मी म्हटलं, जरूर सांगा.

गार्डियनशिपच्या अर्जात ती ओळ वकिलांकडून घालून घेतली आहे. सगळ्या बाबतींत घ्यायची की मर्यादित, यावर अजून आमचं बोलणं चाललंय आणि या वेळी ते बोलणं त्याच्यासमोर होतंय.

काल काउंटीकडून पाकीट आलं, त्याच्या नावाचं. दवाखान्याची बिलं सोडली तर त्याच्या नावाने आमच्याकडे फारसं काही येत नाही. मी उघडायला घेतलं तर त्याने मान जोरात हलवली. मग पाकीट त्याच्या ट्रेवर ठेवलं, एक कोपरा मी धरला आणि त्याने बोट आत घालून फाडलं. अर्धं कार्डही त्यात चुरगळलं. ते सरळ करून टॅब्लेटच्या कव्हरला मागे जो खिसा आहे त्यात ठेवलंय, तिथे फक्त त्याचा बसचा पास असतो.

मग त्याने एकच शब्द दाबला. 'कधी?'

नोव्हेंबर, म्हटलं. त्याने कॅलेंडर मागितलं.